तक्रार नाना म्हात्रे यांच्याकडे करावी

एखाद्याने सिगरेट सोडली तर त्याचा एकच किस्सा होतो. पण सगळ्यांनी बाहेर जाऊन ओढायची असं ठरलं की किस्स्यांना अंत राहत नाही. आमच्या ऑफिसात ते इतके साचलेत की मित्र भेटले आणि दोन सांगितले, तोवर चहा गार होतो. मी स्वतः ओढत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण हे घरी वाचलं जाणार आहे.

ऑफिस पनवेलच्या बाजारात, पहिल्या मजल्यावर. द्रोणागिरीच्या गोदामांतून कंटेनर उचलायचे आणि पार्टीपर्यंत पोचवायचे, हा आमचा धंदा. ड्रायव्हरांचे कागद नाना म्हात्रे बघतात. नाना ओवे गावचे, साठीला टेकलेले, आणि दिवसाला विडीचं एक बंडल हे त्यांचं ठरलेलं.

शेठनी एक दिवस ‘धूम्रपान निषिद्ध’चा बोर्ड मागवला. एक पुरला असता, पण पेंटरने दोन करून आणले. बोर्डाच्या खाली एक ओळ होती, ‘तक्रार यांच्याकडे करावी’, आणि पुढे जागा मोकळी. तिथे कुणाचं तरी नाव घालावं लागतं, असं पेंटर म्हणाला.

कुणीच तयार होईना. शेवटी शेठनी विचारलं, “आपल्याकडे ओढणारे कुठे कुठे लपतात, हे सगळ्यात जास्त कुणाला माहीत आहे?”

सगळ्यांच्या माना नानांकडे वळल्या.

नाना मात्र खूष झाले. पेंटरला म्हणाले, “अक्षर मोठं काढ रं. आमच्या नातीला आता वाचता येतंय.” आणि त्या आनंदात खाली जाऊन एक विडी ओढून आले.

*

आता कुलकर्णी. बिलिंगला बसतो, सिगरेट ओढतो आणि स्वातंत्र्यावर बोलतो. यातलं कुठलं काम तो आधी करतो ते मला अजून कळलेलं नाही.

बोर्ड लागला त्या दिवशी त्याने अर्धा तास भाषण दिलं. “सज्ञान नागरिकाने काय ओढावं हे सरकार कोण ठरवणार? फुप्फुसं माझी आहेत.”

त्याच्या मागच्या टेबलावर मुल्ला मॅडम बसतात. बारा वर्षं त्याचा धूर गिळलेला आहे. त्यांनी मान वर न करता सांगितलं, “फुप्फुसं शौकसे तुमची. खिडकी माझी आहे.”

“मॅडम, हा तत्त्वाचा प्रश्न आहे.”

“तोच तर. माझ्या ओढणीला रोज तुमच्या तत्त्वाचा वास येतो.”

कुलकर्णी जिन्यात गेला. तिथून नानांना विचारलं, जिना ऑफिसात धरायचा का? नानांनी जिना वरपासून खालपर्यंत नीट बघितला आणि निकाल दिला. “वरच्या आठ पायऱ्या आपल्या. खालच्या हार्डवेअरवाल्याच्या. तो सोता वडतो, तो कंचा बोलतोय तुला?”

तेव्हापासून कुलकर्णीचं स्वातंत्र्य नवव्या पायरीला सुरू होतं.

*

पहिली लेखी तक्रार आली ती एका नवीन ड्रायव्हरची. बोर्ड वाचून तो सरळ नानांकडे गेला. म्हणाला, गॅलरीत कुणीतरी ओढतंय, मला ठसका लागतो.

नाना त्याच गॅलरीतून नुकतेच आत आले होते. उजवा हात पाठीमागे ठेवूनच त्यांनी डाव्या हाताने रजिस्टर उघडलं. “बोला. नाव, गाडी नंबर.”

ड्रायव्हर म्हणाला, “नाना, तुमच्या मागून धूर येतोय.”

“तो वेगला इषय हाय,” नाना म्हणाले. “आदी तुमची तक्रार लिवून घेतो.”

*

नानांचं सगळ्यात आवडतं काम जप्तीचं. कुणी ऑफिसात लायटर पेटवला की नाना तो काढून घ्यायचे आणि आपल्या ड्रॉवरमध्ये टाकायचे. विचारलं की एकच शब्द, “मुद्देमाल.”

शेठचा पितळी अ‍ॅशट्रेसुद्धा मुद्देमालात गेला. शेठनी बिचाऱ्यांनी तक्रार केली नाही, कारण ती नानांकडेच करावी लागली असती.

पण ड्रॉवरमधले लायटर रोज थोडे थोडे संपत होते. मुल्ला मॅडमनी एकदा नानांना गॅलरीत त्यातल्याच एकाने विडी पेटवताना पकडलं.

“नाना, ये क्या है?”

“मुद्देमाल चालू हाय का बंद, ते बगायला लागतंय,” नाना गंभीरपणे म्हणाले.

*

ऑफिसची पिकनिक कर्नाळ्याला गेली. अभयारण्याच्या गेटवर पिशव्या तपासतात. विडी-काडी आत न्यायची नाही. कुलकर्णीने तिथेही सुरुवात केली, की एवढ्या मोठ्या जंगलात एका सिगरेटने कुणाचं काय बिघडणार.

नानांनी मात्र खिशातलं बंडल आपण होऊन काढलं आणि गार्डच्या टेबलावर ठेवलं. मग पावती मागितली. गार्ड म्हणाला, विडीची पावती नसते.

“आसं कसं? मीबी आमच्याकडचा हापिसर हाय. रजिस्टर नाय तुमच्याकडं?”

गार्डने शेवटी पाठकोऱ्या कागदावर ‘विडी, एक बंडल’ लिहून दिलं. नाना दिवसभर पक्ष्यांपेक्षा तो कागदच बघत होते.

*

आणि मग नानांची बायको आली. आम्ही त्यांना काकी म्हणतो. कधी ऑफिसात न येणारी बाई, एका मंगळवारी भर दुपारी जिना चढून आली. बोर्डाखाली उभी राहून तिने नाव वाचलं आणि नानांच्या टेबलासमोर बसली.

“तक्रार द्यायची हाय.”

नाना हसले. आम्हीही हसलो. नानांनी थाटात रजिस्टर उघडलं. “कुनावर?”

“बोर्डावर ज्याचं नाव हाय त्याच्यावर.”

काकींनी पिशवीतून आरोहीचा पंप काढून टेबलावर ठेवला. आरोही म्हणजे नानांची नात, दुसरीत आहे, तिला दम्याचा त्रास. “तुमच्या हापिसात बंदी झाली, तवापासून ह्यो मानूस दिवसभराचं उरलेलं घरी येऊन वडतो. पोरीच्या उशापाशी. काल रातीला दोनदा पंप द्यायला लागला.”

नानांचा पेन थांबला. हळूच म्हणाले, “घर पब्लिक प्लेस नाय गो. तिथं कायदा लागत नाय.”

“मंग आमी कुनाकडं जायाचं?”

मी कुलकर्णीकडे बघितलं. स्वातंत्र्यावर बोलायची याच्याइतकी चांगली संधी त्याला कधी मिळाली नव्हती, पण तो पंपाकडे बघत बसला. मला स्वतःची लाज वाटली, कारण इतके दिवस हे सगळे किस्से मी हसत हसत सांगत होतो.

जाताना काकींचं लक्ष कपाटामागे पडलेल्या दुसऱ्या बोर्डाकडे गेलं. शेठनी तो स्वतः पुसून त्यांच्या हातात दिला.

महिन्याभराने नानांकडे सत्यनारायणाची पूजा होती. आम्ही सगळे गेलो. बोर्ड ओटीवर दाराशेजारी लावलेला. खालच्या मोकळ्या जागेत जांभळ्या स्केचपेनने नाव लिहिलेलं, ‘आरोही म्हात्रे, दुसरी ब’. आरोही दाराच्या पायरीवर बसली होती, मांडीवर वही.

नाना घरात नव्हते. अंगणाच्या भिंतीवर बसले होते, एक पाय आत, एक बाहेर. कानावर विडी, न पेटवलेली.

“इथे काय करताय?” कुलकर्णीने विचारलं.

“आत हिचा कायदा,” नाना पोरीकडे बोट दाखवून म्हणाले. “आनी भायेर आंगनवाडी हाय.”

“आज रविवार आहे, नाना. अंगणवाडी बंद. आणि भिंतीवर तर कुणाचाच कायदा लागत नाही.” कुलकर्णी भिंतीवर चढून त्यांच्या शेजारी बसला. त्याने लायटर काढला, पेटवला आणि नानांच्या तोंडापुढे धरला.

नानांनी विडी कानावरून काढली. ज्योतीकडे बघितलं. मग पायरीकडे बघितलं. आरोहीने वही उघडली होती.

नानांनी कुलकर्णीच्या हातातून लायटर घेतला, विझवला आणि विडीसकट आपल्या खिशात टाकला.

“आरोही,” त्यांनी हाक मारली, “लिव गो. मुद्देमाल, दोन.”