पहिल्या शतकातले सर

आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या वार्षिक सभेत देवळाच्या छतावरून वाद पेटला होता. नवे पत्रे घालायचे की स्लॅब टाकायचा? आवाज चढले, दोघंतिघं उभे राहिले. तेवढ्यात मागच्या बाकावरून सरांनी विचारलं, "पहिल्या शतकात छत कोणाचं होतं?" कोणालाच काही कळेना. मग त्यांनीच उत्तर दिलं, "पहिले ख्रिस्ती ज्याच्या घरी जमले, त्याचं. स्वतःचं देऊळ नव्हतंच. तरी वाढलेच ना गा?" सभा हसली आणि पत्र्यांवर एकमत झालं. कोणताही प्रश्न निघाला की सर तो आधी पहिल्या शतकात नेऊन बघायचे. म्हणून नागपूरच्या सदर भागातल्या आमच्या मंडळीत सगळे त्यांना पहिल्या शतकातले सर म्हणायचे.

काटोलच्या शाळेत त्यांनी इतिहास शिकवला आणि निवृत्त झाल्यावर नागपुरात घर केलं. रविवारी उपासना संपली की मागच्या खोलीत ते आमचा वर्ग घेत. खुर्च्या, चहा, कोण येणार, कोण नाही, ही सगळी व्यवस्था माझ्याकडे. ज्याचा पुरावा नाही ते सर बोलायचे नाहीत. ख्रिस्ती लोकांना पकडणाऱ्या एका रोमी सुभेदाराने बादशहाला लिहिलेल्या पत्राची गोष्ट त्यांना फार आवडायची. हे लोक ठरल्या दिवशी पहाटे जमतात, ख्रिस्ताचं गीत गातात, चोरी करणार नाही, दिलेला शब्द मोडणार नाही अशी शपथ घेतात आणि नंतर एकत्र जेवतात, असं त्या सुभेदाराने कळवलं होतं. सर म्हणायचे, "हे पकडणाऱ्यानं लिहिलं आहे, म्हणून मोलाचं. आपल्या माणसानं लिहिलं असतं तर दोन चमत्कार जास्त टाकले असते."

एका डिसेंबरात कन्हान नदीवर बाप्तिस्मे होते. पाण्यात पाय घालताच पोरं ओरडायला लागली. बाप्तिस्मा देणारे पाळक रागावले. सर काठावरून म्हणाले, "रागावू नका. पहिल्या मंडळ्यांच्या नियमपुस्तकात लिहून आहे, वाहतं थंड पाणी घ्या, नाही जमलं तर कोमट चालेल. म्हणजे कुरकुर करणारे तेव्हाही होतेच." माणसाला काय जमतं आणि काय जमत नाही, याची सोय जुन्या लोकांनी करून ठेवली होती, हे ते वर्गात पुन्हा पुन्हा सांगायचे.

त्यांनी आम्हाला लावलेली मुख्य सवय कब्रस्तानातली. स्मुर्णा शहरात एका म्हाताऱ्या बिशपाला जिवंत जाळलं, तेव्हा लोकांनी त्याची हाडं गोळा करून नीट ठेवली. दर वर्षी त्या दिवशी तिथे जमायचं ठरवलं आणि त्या दिवसाला त्याचा स्वर्गातला जन्मदिवस म्हटलं. हे सांगून सर थांबले नाहीत. मंडळीतल्या कोणाचा स्मृतिदिन आला की ते पहाटे कबरीपाशी हजर होत. एक गीत, एक प्रार्थना, सगळ्यांनी वाटून खाल्लेला पाव, थर्मासमधला चहा. तारखांचा तक्ता मी केला. चटई कोण आणणार, पाव कोण आणणार, हेही त्यात लिहिलं.

मंडळीतल्या कुसुमबाईंना ते पहिल्या खेपेला मुळीच पटलं नाही. त्यांचे यजमान आदल्या वर्षी गेले होते. कब्रस्तानाच्या फाटकातच त्यांनी सरांना गाठलं. "माह्या मालकाच्या मरणाच्या दिवशी वाढदिवस म्हणता? काहून, केक आणू का?"

"केक नको बाई, पाव आहे."

"जीभ कशी वळते तुमची?"

"तुम्ही नका म्हणू. आम्ही म्हणतो. तुम्ही नुसत्या उभ्या राहा."

त्या उभ्या राहिल्या. पुढच्या वर्षी पाव त्यांनीच आणला, आणि मग कोणाचाही दिवस असो, पाव कुसुमबाईंचाच.

मग काकू गेल्या, सरांच्या पत्नी. त्या वर्गात कधी आल्या नाहीत. "तुमचे सर पहिल्या शतकात राहतात, मी आपली धरमपेठेच्या भाजीबाजारात," असं म्हणायच्या. दफनाच्या वेळी सर ताठ उभे होते, गीतही त्यांनीच सुरू केलं. आम्हाला वाटलं, सर सावरले.

वर्ष भरलं. काकूंच्या पहिल्या स्मृतिदिनी आम्ही सगळे पहाटे कबरीपाशी जमलो. सर आले नाहीत. फोन उचलेनात. इतरांना थांबायला सांगून मी स्कूटीवर त्यांच्या घरी गेले. दार उघडंच होतं. सर इस्त्रीचा शर्ट घालून पलंगाच्या काठावर बसले होते. एका पायात मोजा, दुसरा मोजा हातात.

"चला सर, सगळे थांबलेत."

"मले नाही जमत वं सुलभा."

मी त्यांच्याच पद्धतीने समजवायला गेले. "सर, स्मुर्ण्याचे लोक..."

"जे आले त्यांचं लिहिलं आहे," ते म्हणाले. "त्या म्हाताऱ्याच्या घरचं कोणी त्या दिवशी आलं नसंल, घरीच बसून राहिलं असंल, तर ते कोण लिहिते? मी एवढी वर्षं लोकांले सांगत राहिलो, जन्मदिवस म्हणा, जन्मदिवस म्हणा. कुसुमबाईंले फाटकात सांगितलं. आज माह्या तोंडातून तो शब्द निघत नाही. आता कोणत्या तोंडानं शिकवू?"

मी कब्रस्तानात फोन करून सांगितलं, सुरू करा.

तासाभराने कुसुमबाई ऑटोने आल्या. रुमालात पावाचा तुकडा होता. दारातूनच त्यांचा आवाज आला, "सर, जो जमल्या ठिकाणी येऊ शकत नाही त्याचा वाटा त्याच्या घरी पोचवत होते की नाही जुने लोक?"

सर म्हणाले, "हो. सेवक घेऊन जात."

"मग घ्या. अन् काही म्हणू नका. आम्ही म्हटलं तिकडं."

सरांनी दोन्ही हात पुढे केले. पाव तोंडाशी नेला आणि हमसून हमसून रडले.

सरांनी वर्ग पुन्हा घेतला नाही. पाळकांनी विनवलं, मी विनवलं. "जे आपल्याच्यानं झालं नाही, ते लोकांले कसं सांगू?" एवढंच म्हणायचे. मागच्या खोलीत आता जादा खुर्च्या ठेवतात. काकूंच्या दिवशी मात्र आम्ही दर वर्षी जमायचो आणि मग कुसुमबाई आणि मी सरांच्या घरी जायचो. ते धुतलेला शर्ट घालून दारात उभे असायचे. वाटा घ्यायचे. कोण कोण आलं होतं, ते विचारायचे नाहीत.

यंदा त्या दिवशी सर दवाखान्यात होते. कुसुमबाई त्यांच्या कानाशी वाकून म्हणाल्या, "सर, करून आलो." त्यांनी डोळे उघडले आणि हात चादरीवरून थोडे उचलले. रुमाल सोडायच्या आत नर्सने अडवलं. तोंडाने काहीच द्यायचं नव्हतं. कुसुमबाईंनी रुमालासकट तुकडा त्यांच्या तळहातावर टेकवला, क्षणभर तसाच धरला आणि परत घेतला. ती आमची सरांशी शेवटची भेट.

त्या दिवशी बाहेर आल्यावर कुसुमबाईंनी रुमाल माझ्यापुढे धरला. "याचं काय करायचं वं? हे तर सरांनी सांगितलंच नाही."

आम्ही दोघींनी तो तुकडा अर्धा अर्धा केला आणि दवाखान्याच्या जिन्यात उभ्या उभ्या खाल्ला.