शिंपली फुटल्याचा आवाज

आमच्या घरात कित्येक पिढ्या मांस आले नव्हते. ते आणण्याची वेळ माझ्यावर यावी, तीही पंच्याहत्तरी उलटल्यावर, संध्या आणि देवपूजा आटोपून, असे मला कोणी आधी सांगितले असते तर मी हसलो असतो. नेरूळला आमच्या इमारतीपासून सारसोळ्याचा कोळीवाडा फार दूर नाही. तेथे मासळी विकणाऱ्या एका प्रौढ बाईसमोर मी कापडी पिशवी घेऊन प्रथम उभा राहिलो, तेव्हा तिने आधी माझ्या कपाळावरचे गंध पाहिले आणि मग पिशवी पाहिली.

“तिसऱ्या हव्या होत्या. जिवंत. थोड्याच,” मी म्हणालो.

“तुमी पन, भटजीबुवा?” ती शेजारणीला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली. “मंग आता तुलशीची माल आमीच घालतो गल्यान!”

“माझ्यासाठी नाहीत हो. घरी एक प्राणी आहे, त्याला लागतात.”

“सगली असाच सांगतान,” ती म्हणाली, आणि दोघी पदर तोंडाला लावून हसल्या. पण तिसऱ्या तिने निवडून दिल्या. खाडीतल्या त्या खायच्या शिंपल्या पिशवीत एकमेकींवर घासत होत्या, आणि तो आवाज ऐकत मी मारुतीच्या देवळावरून न जाता मागच्या रस्त्याने घरी आलो.

प्राणी माझ्या धाकट्या भावाचा होता. रबाळ्याच्या एका रसायनांच्या कारखान्यात त्याची उमेदीची वर्षे गेली. पत्नी वारल्यावर आणि मुलगी नोकरीसाठी बंगळुरूला गेल्यावर तो आमच्याकडे राहायला आला. येताना त्याने दोन बॅगा आणि खाऱ्या पाण्याची एक मोठी टाकी आणली. टाकीत एकच रहिवासी होता. त्याला मँटिस श्रिम्प म्हणतात हे भावाने सांगितले; तो स्वतः मात्र त्याला पहिलवान म्हणे. लांबी वीतभर, आकार कोळंबीसारखा, पण रंग मोराचे. डोळे देठांवर बसवलेले, आणि एक डोळा इकडे पाहत असता दुसरा तिकडे पाही. पोटाशी दुमडलेले पुढचे दोन पाय म्हणजे त्याच्या गदा. शिंपली बिळाच्या तोंडाशी ओढून तो तिच्यावर असा प्रहार करी की दृष्टीला काहीच दिसू नये, केवळ ‘टक्’ असा आवाज यावा. त्या आघाताने साध्या काचेला तडा जाईल म्हणून भावाने टाकी जाड अ‍ॅक्रिलिकची करून घेतली होती.

भाऊ देव मानत नसे. मी देवापुढे नैवेद्याचे ताट ठेवले की तो सोफ्यावरून म्हणे, “दादा, तुझा देव रोज उपाशी राहतो. माझा बघ, खरंच जेवतो.”

“तुझ्या देवाला भूक आहे म्हणूनच तो देव नव्हे,” मी म्हणे.

“असू दे. निदान भांडी तरी रिकामी होतात.”

माझी पत्नी दोघांना गप्प करी. असे आमचे बरे चालले होते.

मग त्याला पक्षाघात झाला. उजवे अंग गेले आणि वाणी गेली. डॉक्टर म्हणाले, त्याला बहुतेक सर्व समजते, पण शब्द बाहेर येणार नाहीत. लिहिताही येणार नाही, कारण अक्षरे तेथूनच येतात जेथून शब्द येतात. उरला तो डावा हात आणि घशातून निघणारा एक ‘आ’. आम्ही त्याची खाट बैठकीच्या खोलीत, टाकीसमोर लावली. त्याने तोंड मिटून घेतले. पत्नी पेजेचा चमचा ओठांशी धरून बसे आणि पेज गार होऊन जाई. असेच चालले तर नाकातून नळी घालावी लागेल, आणि त्याच्या प्रकृतीला ती कितपत सोसेल ते सांगता येत नाही, असे डॉक्टरांनी बजावले.

पहिलवानाचे खाणे भाऊच आणून घाली, त्यामुळे या दिवसांत त्याचाही उपवासच घडत होता. भावाच्या मुलीने फोनवर दाखवले तसे मी लांब चिमट्याने एक जिवंत शिंपली टाकीत सोडली. बिळातून डोळे वर आले. शिंपली आत ओढली गेली. टक्. भावाची मान आवाजाकडे वळली. पुन्हा टक्, आणि शिंपली फुटली. पत्नी चमचा धरून बसलीच होती; भावाचे तोंड उघडले आणि तिने घास आत सोडला.

तेव्हापासून हा घराचा नियम झाला. आधी तो जेवणार, मग हा. त्याचा आवाज आला नाही तर याचे ओठ उघडत नसत. म्हणून त्या जिवाला जपणे हे माझ्या लेखी भावाला जपणेच झाले. आजवर देवघरापुरती असलेली माझी शिस्त मी टाकीकडे नेली. सोवळे सुटल्यावर चिमटा धूत असे, उरलेले उष्टे मांस काढत असे, आणि टाकीपुढे उभा राहताना पायांत चप्पल ठेवत नसे.

टाकीतले पाणी हळूहळू आटते. “मीठ उडत नाही दादा, पाणी उडतं,” भावाने एकदा समजावले होते. “म्हणून कमी होईल तेवढं गोडं पाणी वरून घालायचं, तेही फिल्टरचं.” तो ते प्लॅस्टिकच्या निळ्या कॅनमधून घाली. मला तो कॅन आवडत नसे. त्यातले पाणी मला मेलेले वाटे. आमच्या देवघरात वडिलांच्या वेळचा तांब्याचा कलश आहे. पत्नी तो चिंचेने घासून लखलखीत ठेवते. फिल्टरचेच पाणी त्यात रात्रभर देवापुढे राहते, त्यात तुळस पडते, सकाळी त्यातून अभिषेक होतो आणि आम्ही तीर्थ घेतो. उरलेले पाणी मी तुळशीवृंदावनात घालत असे. मनात आले, जो जीव माझ्या भावाला जेवू घालतो त्याला यापेक्षा उणे पाणी का द्यावे? मी उरलेला कलश टाकीत ओतू लागलो.

काही दिवसांनी एका सकाळी कलश हाती घेऊन मी खाटेजवळून जात असता भावाचा डावा हात उठला. बोटे कलशाकडे वळली. घशातून ‘आ, आ’ असा आवाज येऊ लागला.

पत्नी स्वयंपाकघरातून धावत आली. “अहो, बघा ना! भाऊजी तीर्थ मागताहेत.”

ज्याने मुंजीनंतर कधी देवापुढे हात जोडले नव्हते, तो माझा भाऊ शेवटी तीर्थ मागत होता. मी पळीने तीन वेळा त्याच्या जिभेवर तीर्थ सोडले. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. माझ्याही. पत्नीने देवापुढे साखर ठेवली.

हे रोज घडू लागले. मी कलश घेऊन निघालो की हात उठे आणि आवाज येई. मी आधी त्याला तीर्थ देई, मग टाकीत पाणी ओती. ओतताना तो अधिकच कासावीस होई. एकदा त्याने पळी हाताने उडवली आणि तीर्थ पांघरुणावर सांडले. “हात आवरत नाही हो त्यांना,” पत्नी हळहळून म्हणाली, आणि दुसऱ्या दिवसापासून तीर्थ देताना ती त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवू लागली.

पहिलवान मंदावला तो याच सुमारास. शिंपल्या तशाच पडून राहू लागल्या. तो बिळाच्या तोंडाशी बसून राही. मोरपंखी रंग चहाच्या जुन्या कपासारखा विटला होता, आणि डोळे फिरत नव्हते. मला चिंता वाटली, पण भीती वाटली नाही. कात टाकण्यापूर्वी तो असाच जेवण सोडतो, हे भावाने मला पूर्वी दाखवले होते. त्याची पोकळ कात तळहातावर ठेवून हसलाही होता. तेव्हा धीर धरायचा, असे मी ठरवले. धीर धरणे मला जमते. एकादशीला तर मी टाकीतले थोडे पाणी काढून त्या जागी आख्खा कलश ओतला आणि त्या जिवाचे आयुष्य मागितले. भावाने तोंड मिटले होते. पत्नीने दिलेली पेज ओघळून उशीवर येत होती.

त्याची मुलगी रजा काढून आली. दुसऱ्या सकाळी ती वडिलांच्या पायथ्याशी चहा घेत बसली होती. मी पूजा आटोपून कलश घेऊन आलो. हात उठला, आवाज आला. मी तीर्थ दिले आणि टाकीचे झाकण उचलले.

“काका, काय करताय?”

“पाणी घालतो आहे. फिल्टरचेच आहे.”

“कशातून?” ती उठून उभी राहिली. “काका, ते तांब्याचं भांडं आहे! रोज यातूनच घालता?”

“रोज. देवापुढचे पाणी आहे, बाळ.”

“तांबं विष आहे त्याला. आपल्याला नाही, त्याला. पाण्यात उतरतं ते.” तिने कलश माझ्या हातून काढून घेतला. “आणि मीठ उडत नाही तसं तेही उडत नाही. रोजचं रोज साठत गेलं असणार.”

“देवाचं पाणी कसं गं बाधेल कुणाला?” पत्नी दारातून म्हणाली. “उलट भाऊजी स्वतः मागून घेतात. रोज हात करतात कलशाकडे.”

मुलगी खाटेपाशी जाऊन गुडघ्यांवर बसली.

“बाबा, तुम्ही हेच सांगत होतात?”

भावाने डोळे मिटले. त्याचा डावा हात, जो इतके दिवस रोज सकाळी उठत आला होता, पांघरुणावर उताणा पडला.

मुलीने त्या दिवशी नवे खारे पाणी केले, जुने उपसले, पाणी शुद्ध करणाऱ्या कोळशाची पिशवी आत सोडली. मी बादल्या वाहिल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी पहिलवान बिळाबाहेर आडवा झाला. त्याच्या गदा पोटाशी नीट दुमडलेल्या होत्या. बाल्कनीतल्या पारिजातकाच्या कुंडीत मी त्याला पुरले. शांतिपाठ म्हणावा म्हणून हात जोडले, पण जन्मभर पाठ असलेले शब्द जिभेवर आले नाहीत.

मुलीची रजा संपली. जाताना तिने पंपाचे बटण बंद केले, तेव्हा भाऊ कण्हू लागला, म्हणून पुन्हा चालू केले. टाकी तशीच राहिली: दिवा, वाळू, बुडबुडे, तळाशी फुटक्या शिंपल्यांचा ढीग आणि कोणी नाही. भावाचे तोंड उघडेना. डॉक्टरांनी नळीचे नाव पुन्हा काढले आणि दोन दिवसांची मुदत दिली.

पत्नी पेज घेऊन बसली होती. मी टाकीत हात घातला. ढिगातून एक जाड शिंपली काढली, खाटेजवळ उभा राहिलो आणि टाकीच्या भिंतीवर ती आपटली. टक्.

भावाने डोळे उघडले. त्याने टाकीकडे पाहिलेच नाही. तो माझ्याकडे पाहत होता, माझ्या ओल्या हाताकडे, हातातल्या शिंपलीकडे. त्याने तीर्थ कधीच मागितले नव्हते, आणि मी प्रत्येक सकाळी ते त्याच्या तोंडात घातले होते, हे त्या दृष्टीत होते. मी शिंपली पुन्हा उचलली, पण हात पुढे होईना.

मग त्याने तोंड उघडले.

पत्नीने घास घातला. त्याने तो बराच वेळ तसाच धरून ठेवला आणि मग गिळला.

आता कलश देवघरातच असतो. मी तो बैठकीच्या खोलीत आणत नाही. सारसोळ्याची बाई रस्त्यात भेटली तर विचारते, “भटजीबुवा, पाव्हना गेला काय गावाला?” मी मान हलवतो. दोन्ही वेळेला, देवाला नैवेद्य दाखवून झाला की मी रिकाम्या टाकीपुढे उभा राहतो आणि शिंपली आपटतो. आत जेवणारा कोणी नाही हे त्यालाही ठाऊक आहे. तो माझ्याकडे पाहतो, आणि जेवतो.