शिखरावर साहेब एकटाच होता म्हणे!

वेळ संध्याकाळी पाचची. जागा तुळजापुरातलं इब्राहिमभाईंचं शिवणकामाचं दुकान. राज्य निजामाचं, लढाई नुकतीच संपलेली. आम्हा रिकामटेकड्यांत किसन हवालदार येऊन बसला की तिथं किस्से चिंध्यांसारखे साचत. आज झाडून टाकले तरी उद्या तेवढेच!

किसन इंग्रजांच्या पलटणीत होता. पलटणीनं त्याला एका गोऱ्या साहेबाबरोबर हिमालयात चढायला पाठवलं. परत आला तो पायाची दोन बोटं बर्फात गमावून, आणि वर खोटा ठरून. साहेबानं रिपोर्ट दिला होता, "शिखरावर मी एकटाच गेलो. हवालदार खालच्या तंबूत थांबला."

किसन म्हणे, "म्या संगंच होतो." ऐकतो कोण? पुढच्या मोहिमेतून त्याचं नाव कापलं. त्याला तर पुन्हा चढायचं, एवढंच हवं होतं.

*

रजेवर येताना निजामाच्या नाक्यावर शिपायानं त्याची बर्फ फोडायची कुऱ्हाड धरली.

"ये क्या हथियार है?"

"बर्फ फोडायची हाय, जमादार."

"हमारे मुल्क में बर्फ कहाँ?" झाली जप्त!

मी पडलो वर्तमानपत्रवाला, स्वतः चौकशीला गेलो. नाक्यावरची मंडळी त्याच कुऱ्हाडीनं चुलीची लाकडं फोडत होती. जाब विचारला तर म्हणे, "अखबारवाले हो? आगे बढ़ो!"

*

आईनं त्याला विचारलं, "एवढ्या वर देवाच्या दारात गेलास, पायातलं काढलंस का?"

"काढलं असतं तर पाय बी तिथंच ऱ्हायले असते, आये."

"मग देवानं दोन बोटं ठेवून घेतली, ती काय उगाच?"

*

दर्शन घेऊन गर्दीतून देवळाच्या पायऱ्या चढताना किसन धापा टाकत थांबला. एका पुजाऱ्यानं टोमणा मारला, "हाच का हिमालय चढलेला?"

"तिथं मागनं कुणी ढकलत न्हवतं, महाराज!"

*

पुढच्या वर्षी दुसरी तुकडी त्याच शिखरावर पोचली. माथ्यावर रचलेल्या दगडांखाली त्यांना लाल दोऱ्यात बांधलेली कवडी सापडली. आमच्याकडं भवानीच्या भक्तांच्या गळ्यात असते तसली.

पुण्यात साहेबाचं व्याख्यान होतं. मी भर सभेत उठून विचारलं, "ही कवडी वर कोणी नेली?"

साहेब हसला. "एखाद्या पक्ष्यानं नेली असेल."

लोकांनी टाळ्या वाजवल्या!

परत येऊन दुकानात हे सांगितलं. इब्राहिमभाईंनी कात्री खाली ठेवली. "मियाँ, तुमच्या साहेबाचा परिंदा गाठ बी मारतो?"

किसनला पुन्हा कुठल्याही मोहिमेत घेतलं नाही. आणि साहेबाच्या मोहिमेआधी, किंवा साहेब उतरल्यापासून ती दुसरी तुकडी पोचेपर्यंत, त्या शिखरावर कुणीही चढलेलं नव्हतं.