जहाजाची वेळ आणि मावशीची खोली

माझ्या मावशीला गावात सगळे 'बुटवाली' म्हणतात. म्हणू देत. म्हणणाऱ्यांतल्या निम्म्यांना स्वतःची चप्पल कुठे काढली तेही आठवत नाही.

बस स्टँडच्या मागे तिची खोली आहे. पूर्वी तिथे मोडक्या खुर्च्या आणि फिनेलचे रिकामे डबे पडलेले असायचे. मावशी तेव्हा स्टँडवर झाडू मारायची. एकवीस वर्षांपूर्वी तिने ती खोली मागून घेतली, गुडघ्यावर बसून घासली, दोन न्हाण्या काढल्या आणि भिंतीला फळ्या ठोकल्या. पलीकडच्या बंदरात मोठी प्रवासी जहाजं दिवसभर थांबतात. त्या बंदरात बघायला काय, तर क्रेन आणि कोळसा. म्हणून लोक वीस मिनिटांवरच्या आमच्या गावात समुद्रावर येतात. पैसेवाले जहाजाच्या सहलीतून येतात, बाकीचे आपले आपण. बंदर ते गाव माझी बारा सीटची गाडी आहे, त्यात बसून. आपले आपण आलेल्यांना कपडे बदलायला आडोसा लागतो, खारं अंग धुवायला गोडं पाणी लागतं, आणि त्याआधी संडास लागतो. हे सगळं मावशीकडे.

हे आपले आपण फिरणारे स्वतःला फार शहाणे समजतात. पाठीवर सॅक, हातात नकाशा, आणि गाडीतून उतरल्यावर पहिला प्रश्न, "समुद्र कुठल्या बाजूला?" अहो, समोर आहे. एवढा मोठा आहे. दुसरीकडे नेऊन ठेवलेला नाही.

मावशीच्या दोन रीती. एक म्हणजे बूट. आलेल्या प्रत्येकाचे बूट ती काढून घेते, फळीवर मांडते आणि पायात घालायला रबरी चपला देते. परतीच्या वेळी कोण यायचं राहिलंय ते नुसतं फळीकडे बघितलं की कळतं. दुसरी म्हणजे घड्याळ. जहाजावरची वेळ वेगळी असते. कधी आपल्याएवढीच, कधी तासभर पुढे, कप्तानाच्या मर्जीवर. म्हणून जहाज लागलं की पहिल्या गिऱ्हाइकाला मावशी विचारते, "जहाजाची वेळ काय?" आणि स्टुलावर चढून भिंतीवरचं घड्याळ त्यावर लावते. मग दिवसभर सगळे ते घड्याळ बघून पोहतात, जेवतात, लोळतात.

हे कशापायी, तर ती झाडू मारत होती त्या काळात एक म्हातारी इथे मागे राहिली होती. औषधं जहाजावर, जहाज समुद्रात, आणि म्हातारी बाकावर बसून थरथरतेय. मावशीने तिला दोन दिवस घरी ठेवलं. खोली घेतल्यापासून त्या शुक्रवारपर्यंत तिच्याकडचा एकही माणूस मागे राहिलेला नव्हता. दुसरी कुणी असती तर गावभर पाटी लावली असती. ही कुणाला सांगायचीसुद्धा नाही.

आता झेंडीवाला. जहाजाच्या सहलीचा हा गाईड. पांढरे बूट, केसांना तेल, हातात काठीला बांधलेली पिवळी झेंडी, मागे चाळीस माणसं कोंबड्यांसारखी. त्याला मावशीची खोली हवी होती, तिकिटाच्या खिडकीसाठी. स्टँडच्या साहेबांच्या टेबलाला तो वर्षभर चिकटून होता. साहेब कसे, तर ज्याने शेवटचा चहा पाजला त्याच्या बाजूचे. त्यांनी मावशीला सांगितलं, "बाई, सोमवारी करार नवा करायचाय. तोपर्यंत एक जरी लेखी तक्रार आली, तरी खोली त्याला देणार. माझा नाइलाज आहे."

आणि सोमवारच्या आधी, त्या शुक्रवारी, जहाज लागलं.

पहिलं गिऱ्हाईक म्हणून एक नवराबायको आले. नवरा निवृत्त अधिकारी वगैरे असावा, कारण पाय पुसायचं सोडून त्याने पायपुसण्याची तपासणी केली. मनगटावर वाटीएवढं घड्याळ. मी त्याचं तिथल्या तिथे बारसं केलं, मनगटराव.

मावशीने विचारलं, "साहेब, जहाजाची वेळ काय?"

"आठ चाळीस. तीस वर्षांत हे घड्याळ एका सेकंदाने चुकलेलं नाही."

बायको म्हणाली, "अहो, पण काल रात्री ते भोंग्यावरून सांगत होते ना, घड्याळं तासभर..."

"तू मध्ये बोलू नकोस. मी कुणाच्या सांगण्यावरून घड्याळाला हात लावत नाही."

मावशी तोवर स्टुलावर चढली होती आणि न्हाणीत नळ वाहत होता. तिने बाईचं ऐकलं नाही. मी गाडीचा आरसा पुसत होते, मी ऐकलं आणि डोक्यात घेतलं नाही. तेव्हा मलाही शहाणी म्हणू नका.

"आज जहाज आपल्याच वेळेवर आहे. बरं झालं," मावशी म्हणाली. त्या दिवशी अकरा माणसं आली. त्यांच्या फोनवर गावाचीच वेळ आली होती, भिंतीवरही तीच. साडेचारच्या आत जहाजावर चढायचं एवढं सगळ्यांना पाठ. मग काय, पडले वाळूत.

अडीच वाजता स्टँडवर पिवळी झेंडी दिसली. झेंडीवाला त्याची माणसं मोजून बसमध्ये भरत होता. साडेचारचं जहाज असलं की हा पावणेचारला हलतो. मी मावशीला म्हटलं, "याला कसली घाई सुटलीय?"

मावशी हात पुसत बाहेर आली. "काय हो, किती वाजले?"

हा माणूस एरवी कुणी न विचारता वेळ सांगतो. त्या दिवशी त्याने घड्याळाचा हात खिशात घातला. "तुमच्याकडे आहे की एवढं मोठं घड्याळ. बघा की त्यात." हसला, बसमध्ये चढला आणि दार लावून घेतलं.

मावशीने हातातलं फडकं टाकलं. "अगं, जहाज तासभर पुढे आहे. याला माहीत आहे."

जहाजाचे साडेचार म्हणजे आपले साडेतीन. रस्त्याची वीस मिनिटं काढली तर हातात चाळीस. आणि अकरा माणसं दीड मैलाच्या वाळूवर पसरलेली. मी धावत निघणार, तर मावशी ओरडली, "धावून काय होणार? 'पाचच मिनिटं' म्हणतील. चादर आण!"

फळीवरचे अकरा जोड तिने चादरीत ओतले, गाठ मारली, बोचकं माझ्या गाडीच्या टपावर टाकलं आणि दारात लटकून उभी राहिली. मी वाळूच्या कडेने गाडी घातली. मावशी बोंबलतेय, "बूट चालले! बूट चालले हो!"

जहाज चुकतंय म्हटलं असतं तर एकही उठला नसता. बूट चालले म्हटल्यावर काय पळाले! ओले, उघडे, अंगाला टॉवेल, एकाच्या हातात अर्धं खाल्लेलं कणीस. एक लठ्ठ गृहस्थ पळता पळता मला शिव्या देत होता, आणि गाडीत बसल्यावर खरी वेळ कळली तेव्हा म्हणतो, "मला वाटलंच होतं." काय वाटलं होतं तुझं कपाळ.

दहा झाले. अकरावे मनगटराव. टोकाच्या खानावळीत रुमाल मांडीवर घेऊन बसले होते. बायको आधीच पळत येऊन गाडीत बसली होती.

मावशी हात जोडून म्हणाली, "साहेब, चला. जहाजाची वेळ पुढे आहे."

"बाई, अजून दीड तास आहे. मी माझ्या पैशाने फिरतोय, मला कुणी हाकायचं नाही. झेंडीमागे जायचं असतं तर सहलच घेतली असती. आणि ते बूट खाली ठेवा, नाहीतर पोलीस बोलावीन."

मी म्हटलं, "मावशी, राहू दे याला. खड्ड्यात जाऊ दे."

"तू दहाजणांना घेऊन जा. मी यांच्यापाशी थांबते."

"अगं, तुझी खोली जाईल!"

"इथे थांबून वाद घातलास तर दहाही राहतील. नीघ."

मी कशी गाडी हाणली ते गाडीला विचारा. शिडी ओढायला खलाशी वाकले होते तेव्हा आम्ही पोचलो. सगळ्यांत शेवटी मनगटरावांची बायको चढली. वर जाता जाता वळून म्हणाली, "त्यांना सांग, पुढच्या बंदरावर या. घाई नाही." आणि पहिल्यांदाच तिला हसताना पाहिलं.

परत आले तर स्टँडच्या बाकावर मनगटराव. जहाजाचा भोंगा इथवर ऐकू आला होता. मावशीने त्यांना पाणी दिलेलं, ते तसंच हातात. समोर झेंडीवाला हजर, माणसं चढवून साहेबांना उचलूनच घेऊन आला होता. साहेबांच्या हातात कोरा कागद.

"लिहा साहेब, लिहा," झेंडीवाला मनगटरावांना सांगत होता. "तुमचं किती नुकसान झालं! असल्या लोकांवर कारवाई झालीच पाहिजे."

मावशी पुढे झाली. "साहेब, यात चूक..."

मी तिच्या पायावर पाय दिला. जोरात. ती कळवळली, पण गप्प बसली.

मनगटराव खरडत होते. पान भरलं, उलटलं, मागे पण भरलं. साहेबांनी वाचायला घेतलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "ही तक्रार जहाजाच्या कप्तानाविरुद्ध आहे."

"अर्थात! माणूस तासभर आधी जहाज सोडतो. बेशिस्तपणा!"

झेंडीवाल्याचा तोल सुटला. "अहो, जहाज वेळेवरच गेलं! या बाईच्या खोलीतलं घड्याळ चुकलेलं होतं!"

मनगटराव उभे राहिले. "ते घड्याळ माझ्या घड्याळावरून लावलंय. माझ्यासमोर. ते चुकलेलं कसं असेल?"

"अहो, पण..."

"पण नाही नि बिण नाही. स्वच्छ खोली आहे, बाई सभ्य आहेत. आणि तुम्ही कोण? बाईंनी सांगितलंय मला. तुम्हाला जहाजाची वेळ माहीत होती, मग तुम्ही अडीच वाजता काय तोंड शिवून गेलात?"

साहेबांनी झेंडीवाल्याकडे बघितलं. मग कागदाची घडी घालून मनगटरावांना परत दिली. "हे माझ्या खात्याकडे येत नाही," म्हणाले आणि चहा न घेता गेले. झेंडीवाला त्यांच्यामागे, पांढऱ्या बुटांत वाळू भरलेली.

मी हसून हसून गाडीला टेकले. मावशी हसली नाही. तिने मनगटरावांना पोटभर वाढलं, बूट पुसून दिले, पुढच्या बंदराच्या बसमध्ये खिडकीची जागा पकडून दिली. बस सुटताना त्यांना म्हणाली, "तुमचं घड्याळ बरोबर होतं हो. एकालाच विचारून मी घड्याळ लावलं, हे चुकलं." त्यांनी फक्त पहिलं वाक्य ऐकलं आणि मान डोलावली. असल्या माणसांचे कान तेवढ्यापुरतेच असतात.

मग माझ्याकडे वळली. "खोटं बोलायला लावलंस मला."

"मी कुठे बोलायला लावलं? गप्प बसायला लावलं."

"तेच ते."

सोमवारी करारावर सही व्हायची होती. मी ऑफिसबाहेर गाडी चालूच ठेवून बसले, कारण ही बाई तोंड उघडणार हे मला ठाऊक होतं. उघडलंच. खिडकीतून मला सगळं ऐकू येत होतं. साहेबांनी शिक्का उचलला तोवर हिने शुक्रवारची सगळी हकिगत सांगितली, स्टुलावर चढल्यापासून. "माझ्याकडचा एक माणूस मागे राहिला, साहेब. तुम्हाला माहीत असायला हवं."

साहेबांनी शिक्का शाईत दाबला. मग शिक्का पडला, धाडकन.

"बाई," साहेब म्हणाले, "आता तरी जा हो. मला माझी कामं करू द्या."

मावशी कागद घेऊन बाहेर आली आणि गाडीत बसली. मी तिला वेडी, मूर्ख, काय काय म्हणणार होते. पण गाडी थेट स्टँडमागे तिच्या खोलीशी नेली, आणि आत जाताना माझ्याही चपला फळीवर मांडल्या.