नदीला परत केलेली नाणी

१९५९ च्या पावसाळ्यात, पैनगंगेचा दुसरा पूर ओसरल्यानंतरच्या बाजारच्या दिवशी, पूरमास्तरांनी चावडीसमोर उभे राहून कबूल केले की, गावाने दोन वर्षे नदीला परत केलेली जुनी नाणी नदीकडे नसून त्यांच्याकडे आहेत. बाजार ऐन भरात होता.

पूरमास्तर शिक्षक नव्हते. आमच्या गावच्या घाटावर ते डोंगा चालवत. मी तेव्हा एका साप्ताहिकाला बातम्या पाठवी आणि त्यांच्याच डोंग्यातून नदी ओलांडी. कोणतीही खबर सांगितली की ते वल्हे थांबवून विचारत, "पाह्यलं का आयकलं?" ऐकलं म्हटलं की वल्हे पुन्हा चालू होई.

नदीच्या वळणावर जुन्या, उजाड वस्तीची पांढरी, म्हणजे पांढुरक्या मातीची टेकाडी, होती. पूर तिची दरड कापी आणि मातीतली तांब्याची नाणी उघडी पडत. "पयला पूर माती नेते, दुसरा पैसा दाखवते," हा मास्तरांचा सिद्धांत. पाणी झटकन उतरले तर जाऊ नये, गाळ सगळे झाकतो. सावकाश उतरले आणि दोन दिवस वारा लागून दरड सुकली, की सकाळच्या तिरप्या उन्हात वाकून पाहावे. हिरवा ठिपका म्हणजे नाणे. चकाकला तर शिंपला. सरकारने नवे पैसे आणले तेव्हा ते म्हणाले, "सरकार नवे काढून राह्यलं, मी जुने."

पण वाकून पाहणारे ते एकटे नव्हते. इतरांना सापडलेली नाणी सोनाराकडे जात. तो ती मुशीत वितळवून सोन्यात मिसळे. सोंड उचललेला, नाण्यावरचा एक हत्ती अशा रीतीने पाटलीणबाईंच्या गळ्यातल्या एकदाणीत गेला, असे मास्तर सांगत. त्या समोरून आल्या की ते एकदाणीला रामराम करत.

१९५७ मध्ये गावात बोलवा उठली. पांढरीतले नाणे घरात ठेवले तर त्याचा मेलेला मालक मागायला येतो; ते डोंग्यातून नेऊन मधल्या डोहात नदीला परत करावे. नदी ओलांडताना पाण्यात पैसा टाकायची रीत होतीच. लोक येऊ लागले. मास्तर अदबीने जागा दाखवत. तिथे खाली, दगड बांधून, मासे धरायचे बारीक जाळे पसरलेले होते. मेलेला मालक येतो, ही बातमी मी छापून आणली. ती ऐकलेली होती.

१९५९ च्या त्या पुरानंतर सखूआजी डोंग्यात बसली. ५६ साली मास्तरांच्याच वस्तीसोबत तिने दीक्षा घेतली होती. पदरात नाणे होते आणि घरी नातू तापाने फणफणला होता. पलीकडे जायला मीही डोंग्यात होतो. डोह आला. तिने नाणे टाकले नाही.

"देव सोडले तवा मले भेव नाही वाटलं, बाबू," ती मास्तरांना म्हणाली. "आता नातू तापला, अन् तू म्हणतं मुडदा येते. तू पाह्यलं का आयकलं?"

मास्तरांनी वल्हे ठेवले आणि जाळे ओढून वर काढले. तिने त्यातली नाणी पाहिली, मग त्यांच्याकडे पाहिले आणि तोंडाला पदर लावून बराच वेळ हसली. नंतर म्हणाली, "मंग हे बाजारात साऱ्यायले सांग."

सांगितले तर सगळी नाणी मुशीत जाणार, हे मास्तरांना ठाऊक होते. त्यांनी आधी नातवाला पुसदच्या दवाखान्यात पोचवले. तो बरा झाला. बाजारच्या दिवशी त्यांनी चावडीसमोर धोतर पसरून नाणी मांडली आणि ज्याची त्याने ओळखून न्यावी, असे सांगितले. शिव्या पुष्कळ झाल्या. सोनार पुढे सरसावला, पण त्याने एकही नाणे टाकले नव्हते. बाकीचे जागचे हलले नाहीत.

"न्या ना," मास्तर म्हणाले. "मुडदा-गिडदा काही येत नाही."

"नदीले देल्लेलं कोण वापस घेते?" पाटलीणबाई म्हणाल्या. "अन् आला म्हंजे?"

मास्तरांनी नाणी तालुक्याच्या कचेरीत जमा केली. कोणाला सापडली, असे कारकुनाने विचारले. "मले कायले सापडतीन? पुरानं काढले," मास्तर म्हणाले. कारकून घाईत होता.

मास्तर गेले त्या वर्षी मी कचेरीतली नोंदवही पाहिली. 'सापडणाऱ्याचे नाव' या रकान्यात 'पूर, पैनगंगा' असे लिहिले आहे.