गुड फ्रायडेला कोरडे राहिलेले डोळे

गेल्या वर्षी ईस्टरआधीच्या उपवासकाळात मी देवाशी जवळजवळ अबोला धरला होता. क्रूसाची वाट, येशूच्या दुःखसहनाची ती प्रार्थना, चालायची म्हणून चालत होते, ओठ हलत होते, मन मात्र हटून बसलं होतं. त्याच्या आदल्या वर्षी मला रक्ताचा कॅन्सर झाला. सांडोर गावी आमची केळीची वाडी बघणाऱ्या धाकट्या भावाने मूळपेशी दिल्या, त्या माझ्या अंगात रुजल्या आणि मी मरता मरता वाचले. मग आता डोळ्यांचा हा छळ कशाला? सकाळी पापण्या चिकटलेल्या, डोळे लालभडक, आत वाळू गेल्यासारखी टोचणी. उन्हात तर मान वर करवत नसे. मी शाळेत शिकवते. फळ्यावरची माझीच अक्षरं पुसट दिसू लागली.

ईस्टरच्या जागरणविधीतलं आशीर्वादित पाणी आमच्याकडे बाटलीत वर्षभर जपून ठेवतात. कुणाला ताप आला की आई तेच शिंपडते. माझ्या डोळ्यांत ती ते रोज थेंब थेंब सोडायची. मीही डोळ्यांची साथ असेल म्हणून गप्प बसले, कारण पुन्हा हॉस्पिटलची पायरी चढायची हिंमतच नव्हती.

गुड फ्रायडेला संध्याकाळी पापडीच्या चर्चमध्ये मृत येशूची मूर्ती क्रूसावरून उतरवली आणि बायकांना रडू फुटलं. मलाही फुटलं. ऊर भरून आला, हुंदके आवरेनात. गाल पुसायला रुमाल लावला, तर गाल कोरडे ठणठणीत. मी दचकले. शेजारी पाचूबंदरची एक म्हातारी कोळीण बसली होती. तिला मी कधी पाहिलेलं नव्हतं.

ती माझ्याकडे निरखून बघत हळूच म्हणाली, "काय गो, रडतेस नि डोल्यात पानी नाय? मोठं आजारपन झालं का तुला?"

मी ट्रान्सप्लान्टचं सांगितलं. तिची जपमाळ थांबली.

"माज्या सुनेचं पन असंच झालेलं. आमी उशिरा गेलो, एक डोला गेला तिचा. तू उद्याच जा. आनि डोल्यात घरचं काय बी घालू नको."

बाटलीतल्या पाण्याविषयी मी तिला अवाक्षरही बोलले नव्हते. मिरवणूक निघाली तेव्हा तिला शोधलं, पण गर्दीत ती दिसली नाही.

दुसऱ्या दिवशी भाऊ मला डॉक्टरांकडे घेऊन गेला. त्यांनी पापणीत कागदाची पट्टी अडकवली, ती ओली होईना. मग ते म्हणाले, "भावाच्या पेशी तुमच्या डोळ्यांना परकं समजून त्यांच्यावर उठल्यात. अश्रूंच्या ग्रंथी सुकत चालल्यात, बुबुळावर जखमा आहेत. अजून उशीर केला असता तर नजर हाती लागली नसती."

ज्या पेशींनी जीव दिला, त्याच डोळे खात होत्या. भावाचा चेहरा तर पार उतरला. "बाय, मी दिलेलंच तुला बाधलं का गं?" त्याने विचारलं.

डॉक्टरांनी औषधं लिहून दिली, शिवाय माझ्याच रक्तातून, पेशी वेगळ्या काढून, अश्रूंऐवजी डोळ्यांत घालायचे थेंब तयार करायचं ठरवलं. भाऊ चाचरत म्हणाला, "पण डॉक्टर, हिचं रक्त तर आता माझंच ना?"

"हो, तुमच्याच पेशी ते बनवतात. रक्तगटसुद्धा तुमचाच झालाय."

तिथेच खुर्चीत मला हुंदका फुटला. भाऊ माझा हात धरून बसला.

आता जखमा भरल्या आहेत आणि मी पुन्हा शिकवते. आई ते पाणी हल्ली माझ्या कपाळाला लावते, पापणीजवळ बोट नेत नाही. आसवं परत येतील की नाही, डॉक्टर सांगत नाहीत आणि मीही विचारत नाही. त्या बाईला कुणी पाठवलं, हेही विचारायचं मी सोडलं. मान मागे टाकते, डोळे उघडे ठेवते आणि भावाच्या रक्ताचा थेंब पडेपर्यंत स्वस्थ थांबते.