गल्लीच्या वळणावरचा फ्लेक्स

कुणी फोटोसाठी मोबाईल वर धरला की ती म्हणायची, "मी हितं न्हाई."

आणि खरोखर नसायची. ओढणीचं टोक नाकाच्या वर यायचं, पाठ वळायची, आणि पुढच्या क्षणी ती दाराआड किंवा एखाद्या जाड्या बाईच्या मागं. हे वाक्य तिनं अण्णांकडून उचललं होतं. नको असलेल्या माणसाचा फोन आला की अण्णा बाजेवर पडल्या पडल्या माईंना सांगायचे, "सांग त्येला, मी हितं न्हाई." ऐकून ऐकून तिचं पाठ झालं. उच्चारसुद्धा अण्णांचाच. परदेशी पोरीच्या तोंडून ते ऐकलं की गल्लीतल्या बायका पोट धरून हसायच्या. सुरुवातीला मीही हसले.

कोण अण्णा, कोण माई, ते आधी सांगते. परभणीत शेतकी कॉलेजच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर. अण्णा एसटीतले निवृत्त कंडक्टर, माई त्यांच्या पत्नी. खालच्या एका खोलीत मी भाड्यानं राहायचे. मी ताडकळसची, आमच्या घरातली पहिली पदवीधर, बी.एस्सी. हे मी कुणालाही दुसऱ्या वाक्यात सांगते आणि सांगणारच. बियाण्यांच्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत कामाला आहे. गच्चीवरच्या खोलीत ती. अफगाणिस्तानातून एम.एस्सी. करायला आलेली. तिचं नाव मी लिहीत नाही. का, ते पुढं कळेल.

तिची भाषा म्हणजे सिनेमातली हिंदी, वर्गातली इंग्रजी आणि माईंची मराठी यांची खिचडी. पण जमीन, हवा, अंदाज, दरवाजा हे तिचे फारसी शब्द अण्णांच्या तोंडी आधीपासूनच होते. अण्णा म्हणायचे, "बग, निजाम तुज्यासाठीच ठिवून गेलाय."

फोटो म्हटलं की पळणारं एखादं माणूस तुमच्याही ओळखीत असेल. आपण त्याला लाजाळू म्हणतो आणि सोडून देतो. तिलाही आम्ही लाजाळूच ठरवलं. संक्रांतीला माईंच्या हळदीकुंकवात फोटोची वेळ आली तशी तिनं सगळ्यांचे मोबाईल गोळा केले. "मी काढते. मी लय चांगला काढते." तेव्हापासून गल्लीची फोटोग्राफर तीच. आजही ते फोटो बघितले तर आम्ही सगळ्याजणी दात काढून तिच्याकडं बघतोय, आणि ती कुठंच नाही.

ती इथं आली तेव्हा तिच्या देशात मुली शाळेत जात होत्या. मग तो पंधरा ऑगस्ट आला. झेंडावंदनाहून येताना अण्णांनी जिलबी आणलेली. टीव्ही लावला तर काबूल. नवं राज्य आलं होतं. कुणाचं, ते तुम्हाला ठाऊक आहे. ती केस धुऊन खाली आलेली, डोक्याला टॉवेल तसाच. एका दुकानाच्या भिंतीवर नटलेल्या नवरीमुलींची मोठी चित्रं होती आणि एक माणूस त्यांच्या तोंडांवरून पांढरा रंग फिरवत होता.

"कामून पुसायलाय त्यो?" माईंनी विचारलं.

"ते यायच्या आधीच पुसायलाय," ती म्हणाली. "भीतीनं."

जिलबीला संध्याकाळपर्यंत मुंग्या लागल्या. कुणी ताट उचललं नाही.

त्यानंतर एकेक गोष्ट बंद होत गेली. तिची धाकटी बहीण नववीत होती, तिची शाळा बंद झाली. मग घरच्या पुरुषाशिवाय लांबचा प्रवास बंद. मग बाग बंद. आईची शिवणकामाची जागा बंद. हे सगळं फोनवर यायचं. "आज काय बंद झालं?" असं मी एकदा विचारलं, आज भाजी काय केली असं विचारावं तसं. ती म्हणाली, "आज काही न्हाई ताई. आज शुक्रवार. सुट्टी हाय त्यांना."

आमच्याकडं सगळं चांगलंच आहे असं मी म्हणणार नाही. दहावीनंतर मला घरी बसवायचं आत्यानं ठरवूनच टाकलं होतं. पण आत्याशी भांडता येत होतं. मी भांडले, आईनं अबोला धरला, वडील वाकले. तिच्या बहिणीनं भांडायचं कुणाशी?

आता मुख्य गोष्ट. नव्या राज्याची माणसं घरोघर चौकशीला आली तेव्हा तिच्या वडिलांनी सांगितलं, थोरलीचं लग्न झालं, ती लांब सासरी असते. पोरगी एकटी परदेशात, तोंड उघडं ठेवून, पोरांच्या वर्गात बसून शिकते हे कळलं असतं तर त्यांना उचलून नेलं असतं आणि घराची झडती झाली असती. झडतीत सापडण्यासारखं घरात होतं. शेजारच्या काही पोरी दुपारी वह्या कपड्यांत लपवून यायच्या आणि धाकटीबरोबर शिकायच्या. म्हणजे ती इथं नाही, या एका खोट्यावर तिथलं घर उभं होतं, आणि तिचं फोटोतून पळणं तेव्हापासूनचं. हे तिनं मला सांगितलं त्या दिवसापासून "मी हितं न्हाई" ऐकून मला हसू आलं नाही.

त्या पोरींना शिकवायची तीच. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीमागं उकिडवी बसून मोबाईल तोंडाशी धरून धडा बोलायची आणि पाठवून द्यायची. एकदा मी तिला सुचवलं, आमच्याकडं पेरणीआधी बियाणं ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतात, उगवतंय का ते बघायला. ते त्यांना करायला लाव. तिनं लावलं. काही दिवसांनी फोटो आला. ओल्या पोत्यावर हरभऱ्याचे मोड, कडेला कुणाची तरी बोटं.

"आन् दारात कुणी आलं मग?" मी विचारलं.

"सांगायचं, स्वयंपाक करायलोत." आणि ती खुदकन हसली. "बायकांनी स्वयंपाक करायला बंदी न्हाई अजून."

हसून झालं की लगेच मोबाईल बघायची. निरोप पोचला का, ऐकला का, ऐकून पुसला का. तिन्हींतलं एक जरी राहिलं तरी तिला जेवण जात नसे.

तिचा अभ्यास संपत आला होता तेव्हाची गोष्ट. मी बी.एस्सी. झाले तेव्हा वडिलांनी ताडकळसला बाजाराच्या रस्त्यावर माझा फ्लेक्स लावला होता. त्याचा फोटो माझ्या मोबाईलमध्ये आहे. तो मी सगळ्यांना दाखवते, तिलाही दाखवला. ती अंगणात पायरीवर बसून बघतच राहिली. बोटांनी मोठा करून बघितला.

"ताई, हे तुमी? रस्त्यावर? एवढं मोठं तोंड?"

"मग! बाजाराच्या दिवशी सगळ्या खेड्यांनी बघितलं."

"कुणी काही म्हणलं न्हाई?"

"म्हणले की. नाक लय मोठं दिसायलंय म्हणले."

ती इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. मग पुन्हा एकदा तो फोटो मागून घेतला. अण्णा बाजेवरून हे बघत होते. पोरगी फ्लेक्सकडं किती आशेनं बघायलीय, एवढंच त्यांना दिसलं. तिच्या घरची हकिगत अण्णांना आम्ही सांगितली नव्हती. अण्णांच्या पोटात काही राहत नाही, चहाच्या टपरीवर सगळं सांडतं, म्हणून माईंनीच नको म्हटलं होतं.

तिचा निकाल लागला. पहिल्या वर्गात पास. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा अंघोळ करून, टोपी घालून दारात उभे. "चला गं पोरींनो, जरा वळणापतुर चला. माईला बी घ्या."

गल्लीच्या वळणावर, टपरीच्या वर, विजेच्या दोन खांबांच्या मध्ये ती होती. भाडेकराराला दिलेला तिचा पासपोर्ट साइजचा फोटो फ्लेक्सवाल्यानं दारासारखा मोठा केलेला. मागं उगवता सूर्य, गुलाब. रंग गोरा केलेला, ओठ गुलाबी. खाली नाव, गाव, देश, सगळं. "आमच्या गल्लीच्या लेकीचे हार्दिक अभिनंदन!" आणि कोपऱ्यात शुभेच्छुक म्हणून टोपीतले अण्णा.

ओढणी नाकावर ओढून तिनं एकच विचारलं, "कुणी फोटो काढला का?"

"काढला म्हंजे!" अण्णा म्हणाले. "समद्यांच्या स्टेटसला हाय!"

मी अण्णांना बाजूला ओढून चार वाक्यांत सगळं सांगितलं. अण्णांचा चेहरा उतरत गेला तो मी बघितला, आणि तो मला अजून दिसतो. ते स्टुलावर चढून तारा सोडायला लागले. तारा फ्लेक्सवाल्यानं पक्कडीनं पिळलेल्या, हाताला सुटेनात. कॉलेजला जाणारी पोरं मोटारसायकली हळू करून वर बघायला लागली. त्या कॉलेजात तिच्या देशाची पोरंही होती. त्यांच्यात कोण कुणाचा माणूस, तिला माहीत नव्हतं. ती त्यांच्याशी कधी बोलतही नव्हती, गाव-घर सांगणं तर लांबच.

"माई, कातर आण!" अण्णा ओरडले. "आदी तोंड काढतो."

आणि भर सकाळी, चहा पिणाऱ्या माणसांसमोर, अण्णांनी तिच्या हनुवटीखालून कात्री घातली आणि कान, कपाळ, ओढणी असं गोल कापत आणलं. चेहऱ्याला कुठं कात्री लागू दिली नाही. भोकातून मागचं आभाळ दिसायला लागलं. टीव्हीवरचा तो रंगवाला मला आठवला, आणि मी मान खाली घातली.

मग मी आणि माई घरोघर गेलो. स्टेटस काढा, फोटो पुसा. "कामून वो? चांगली तर दिसायलीय," बायका म्हणायच्या. माई फक्त एवढंच सांगायच्या, "तिच्या बापाला तरास व्हईल." पुढं एकीनंही विचारलं नाही. बापाला तरास म्हणजे काय, ते त्यांना उलगडून सांगावं लागत नव्हतं. आमच्या देखत पुसला सगळ्यांनी. पण पुसायच्या आधी कुणी पुढं पाठवला होता का, ते कोण सांगणार?

संध्याकाळी फाटकाशी मोटारसायकल थांबली. तिच्या देशाचा एक मुलगा. ती माझ्या खोलीत दाराआड उभी, माझं मनगट आवळून. अण्णा लुंगी सावरत पुढं झाले. "क्या होना?"

"चाचा, फोटो मैंने देखा," तो खालच्या आवाजात म्हणाला. "हमारे लड़कों के फोन से मैंने निकलवा दिया। आप भी किसी को मत देना। मेरी भी बहनें हैं वहाँ।"

चहा घे म्हटलं तर थांबला नाही. ती दाराआडून बाहेर आली ती तो गेल्यावर. "भला मुलगा हाय," माई म्हणाल्या. ती म्हणाली, "हां. पण आता त्यालाबी माहीत हाय."

पावसाळा गेला. आम्हाला वाटलं, टळलं. मग एका सकाळी तिच्या आईचा फोन आला. वडिलांना कचेरीत बोलावून बसवून ठेवलं होतं. थोरली सासरी आहे म्हणता तर सासर दाखवा. महिन्याभरात पोरगी समोर उभी करा. सोडलं नाहीच. घरात दोघी बायका, आणि दळण आणायलाही, सोबत चल म्हणून, शेजारच्या म्हाताऱ्याच्या पाया पडायची वेळ. वह्या चुलीत गेल्या होत्या.

आम्ही तिला अडवलं नाही असं समजू नका. मी म्हटलं, इथं राहायची मुदत वाढव, अर्ज करू, मी येते सोबत. तिनं ऐकून घेतलं. "ताई, तुमचे वडील आत असते तर तुमी काय केलं असतं?" यावर माझी पदवी काही कामाला आली नाही.

निघायच्या दिवशी तिनं मोबाईलमधली परभणी पुसली. माई गेल्या, मी गेले, कॉलेज गेलं, संक्रांत गेली. अण्णा समोर येत नव्हते. शेवटी आले, आणि खाली बघत म्हणाले, "माज्यामुळं झालं का गं हे?"

"न्हाई अण्णा. तिथं समद्या घरांत माणसं मोजायलेत." खरं सांगत होती की त्यांना सोडवत होती, ते मला तेव्हाही कळलं नाही आणि आताही सांगता येत नाही.

मग तिनं विचारलं, "ते कुठं हाय?"

काय ते अण्णांना लगेच कळलं. आतून ट्रंकेतली गुंडाळी घेऊन आले आणि फरशीवर उलगडली. कडा वर येत होत्या म्हणून माईंनी एका बाजूला तांब्या ठेवला, एका बाजूला पाट. सुपापेक्षा मोठा तिचा चेहरा, गोरा केलेला, गुलाबी ओठांचा. ती त्याच्याजवळ मांडी घालून बसली. गाडीची वेळ होत आली होती. मी घड्याळ बघत होते, माई दशम्या बांधत होत्या.

तिनं मान तिरपी करून बघितलं. "ताई, नाक लय मोठं दिसायलंय."

"अख्ख्या गल्लीला दिसलं," मी म्हटलं.

तिनं तांब्या उचलला, पाट उचलला. गुंडाळी आपली आपण मिटली. ती अण्णांच्या हातात देत म्हणाली, "हिला हितं राहू द्या."

पोचल्यावर माईंच्या मोबाईलवर एक शब्द आला, "पोचले." त्यानंतर तो नंबर लागत नाही. वडिलांना सोडलं का, धाकटी कुठं आहे, पोरी कुठं बसून शिकतात की नाहीच शिकत, आम्हाला काही माहीत नाही. फोन वाजला की माई अजूनही आधी नंबर बघतात.

उरलेला फ्लेक्स अंगणात बंबाच्या सरपणावर टाकलाय. सूर्य आहे, गुलाब आहेत, कोपऱ्यात अण्णा आहेत. मधल्या भोकातून पाऊस आत जातो आणि तेवढीच लाकडं भिजतात. दुसरं काही टाका म्हटलं तर अण्णा ऐकू न आल्यासारखं करतात.

गुंडाळी ट्रंकेत असते. सणासुदीला ट्रंक उघडली की अण्णा ती बाहेर काढतात, फडक्यानं पुसतात, परत गुंडाळतात. जागा पुरत नाही म्हणून परवा माई तिची घडी घालायला गेल्या तर अण्णांनी हातातून काढून घेतली.

"घडी घालू न्हाई," ते म्हणाले. "तोंडावर रेग पडती."